मैदानावरचे प्रश्न : मॅच दिवाळीनंतर आहे, पण हाताची तयारी आत्तापासून

या महिन्यात बेसबॉलचेच चार प्रश्न आले आणि चारही नाशिकचे, त्यामुळे बाकीचे खेळ पुढच्या अंकात घेऊ. पहिला प्रश्न असा आहे की तो मला गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या शाळांच्या सरांनी तोंडी विचारलाय, म्हणून जास्त जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : नमस्कार सर. मी गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची बेसबॉल टीम आहे, २२ मुलं, वय ११ ते १४. मॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, प्रॅक्टिस मी सप्टेंबरपासून घेतो. ग्लोव्ह ९ आहेत, बॉल १५-१६, त्यातले निम्मे जुने. मागच्या वर्षी पहिल्या दिवसापासून आधी ग्राउंडला १० राऊंड, मग पिचिंग (बॅट्समनला बॉल टाकणं), मग सगळ्यांची बॅटिंग असं ठेवलं होतं. मुलांनी खूप मेहनत केली पण मॅच सुरू झाल्यावर तिसऱ्या मॅचपर्यंत आमचे दोन्ही मेन पिचर हात दुखतोय म्हणून बाहेर बसले, एकाचं तर कोपर सुजलं होतं. पालक नाराज झाले आणि मलाही फार वाईट वाटलं. स्टॅमिना कमी पडला का? या वर्षी राऊंड वाढवू का? सगळं प्लॅनिंग कसं करू ते सविस्तर सांगा.

उत्तर : सर, राऊंड वाढवू नका. स्टॅमिना कमी पडलेला नाही, हात जास्त वापरला गेलाय, आणि तो मॅचमध्ये नाही तर प्रॅक्टिसमध्येच वापरला गेलाय असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. कसं ते सांगतो. तुम्ही लिहिलंय की शेवटी सगळ्यांची बॅटिंग व्हायची. मग त्या बॅटिंगला बॉल कोण टाकत होतं? तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक शाळांत जे होतं तेच झालं असणार, ज्याचा बॉल सरळ प्लेटवर (बॅट्समनजवळच्या पाटीवर) पडतो त्यालाच उभं करतात, म्हणजे तेच दोघे पिचर. आता हिशोब करा, २२ मुलं, प्रत्येकाला १० बॉल, झाले २२०. दोघांत वाटले तरी प्रत्येकी ११०, आणि त्याआधी पिचिंगचे ३०-४०, त्याआधी कॅच-थ्रोचे ३०-४०, म्हणजे एका संध्याकाळी एक तेरा वर्षाचा पोरगा १८० च्या आसपास थ्रो करतोय आणि ते पण १० राऊंड मारून दमल्यावर.

अमेरिकेत जिथं हा खेळ गल्लीबोळात आहे तिथं मेजर लीग (तिथली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉल (खेळाची राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून २०१४ मध्ये लहान पिचरांसाठी मर्यादा काढल्या, त्यात ९-१० वर्षाच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ पिच (म्हणजे पिचरनं टाकलेले बॉल), ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. लिटल लीगनं (तिथली लहान मुलांच्या बेसबॉलची संस्था) तर त्याच्याही आधी, २००७ पासून, इनिंग मोजायचं सोडून पिच मोजायला सुरुवात केली. आणि हे आकडे मॅचच्या दिवसाचे आहेत, ज्यानंतर विश्रांती सक्तीची आहे : १४ वर्षापर्यंतच्या मुलानं २१ ते ३५ पिच टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन दिवस, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा त्याच्या वर गेला की चार दिवस. आपल्याकडे त्याच मुलानं हे रोज केलं आणि मग आपण म्हणतो पोरगं नाजूक आहे.

नाजूक तो नसतो, त्याचं हाड अजून तयार व्हायचंय. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं जे टोक हाताला लागतं ना, तिथं या वयात ग्रोथ प्लेट असते, म्हणजे वाढीची मऊ जागा, ती पक्की जुळायला चौदा-पंधरा आणि कधी त्याहून जास्त वर्षं जातात. थ्रो करताना हात मागून पुढे येतो तेव्हा सगळा ओढा त्या आतल्या बाजूवर येतो. मोठ्या माणसात असा ताण साचत गेला की तिथलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, फाटतं, टॉमी जॉन नावाच्या पिचरचं १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी जे ऑपरेशन केलं आणि ज्याला आजही त्याचंच नाव आहे ते याच लिगामेंटचं. पण लहान मुलात लिगामेंटच्या आधी ती मऊ जागाच दुखावते, म्हणून त्या दुखण्याला लिटल लीग एल्बो म्हणतात. तुमच्या ज्या मुलाचं कोपर सुजलं त्याला या वर्षी बॉल हातात द्यायच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलंय का हे पालकांना नक्की विचारा, बाकी सगळं नंतर.

राऊंडबद्दल एक गोष्ट बोलतो. आपल्या नाशिकला पळण्याचा अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे, सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ आणलं तेव्हापासून आपल्या प्रत्येक सरांच्या डोक्यात फिटनेस म्हणजे लांब पळणं हेच बसलंय. तिचा खेळच तो होता. बेसबॉलमध्ये एका बेसपासून (पळत जाऊन गाठायची जागा) दुसऱ्या बेसपर्यंत लहान मैदानावर ६० फूट असतात, म्हणजे १८ मीटर, आणि मोठ्या मैदानावर ९० फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरला थोडं कमी. मुलगा उभा असतो, उभा असतो, आणि एकदम तीन-चार सेकंद जीव तोडून पळतो, मग परत उभा. त्यामुळे त्याला १५ ते ३० मीटरचे स्प्रिंट पाहिजेत, सहा ते आठ, आणि प्रत्येकामध्ये पूर्ण दम भरेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, कारण दमून पळालं की पोरगं हळू पळायला शिकतं. पण तुमच्याकडे राऊंडपेक्षाही जास्त नुकसान त्या क्रमानं केलंय. पिचरचा जोर पायातून येतो, पाय ढकलतात, कंबर फिरते आणि हात सगळ्यात शेवटी येतो. आधी १० राऊंड मारून पाय संपवले की मुलगा नुसत्या हातानं फेकतो, बॉल तर तेवढाच जोरात गेला पाहिजे ना, मग खांदा आणि कोपर ते भरून काढतात. म्हणून आधी वॉर्मअप, मग थ्रो आणि बाकीचं कौशल्याचं काम, आणि पळापळ-व्यायाम शेवटी. एवढा एक बदल केला तरी फरक दिसेल.

आता प्लॅन. तारीख पुढून नाही, मॅचपासून उलटी मोजा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कागदावर अकरा आठवडे दिसतात पण त्यातून गणपतीचे दिवस, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी काढली की हातात खरे सात आठवडे राहतात. सातच धरा. आठवड्याला तीन दिवस टीमची प्रॅक्टिस, एकाआड एक दिवस, दीड तासाच्या वर नाही.

पहिले दोन आठवडे पिचिंग बंद. पूर्ण बंद, कोणी मागितलं तरी नाही, आणि पहिल्या दिवशी कोणाचा हात किती जोरात आहे ते बघायचा मोह सगळ्यांना होतो, मुलांना तर दाखवायचंच असतं, तो दिवस तुम्ही स्वतः उभं राहून सांभाळा. या दोन आठवड्यांत जोडीनं कॅच-थ्रो, अंतर ३० ते ४५ फूट, म्हणजे आपल्या क्रिकेट पिचच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, २५ ते ३० थ्रो, निम्म्या जोरात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ६० फूट आणि ४०-५० थ्रो, मधे पाच मिनिटं थांबून दोन भागात. पाचव्या आठवड्यात १३-१४ वर्षाच्या मुलांनी ९० फुटापर्यंत जायचं, बॉल वर चढवून, दोन पावलं घेऊन, पायाच्या जोरावर, आणि याच आठवड्यात जे पिचर होणार आहेत त्यांनी सपाट जमिनीवरून १५-२० पिच, तेही पाऊण जोरात. सहाव्यात २५, आठवड्यातून दोनदाच. सातव्यात समोर बॅट्समन उभा करून ३५-४० आणि आपसातली एक मॅच. पहिल्या खऱ्या मॅचमध्ये एका मुलाला ४० च्या वर नेऊ नका, त्या मर्यादेत ८५-९५ चालत असले तरी. म्हणजे दोन पिचरवर टीम चालणार नाही, पाच-सहा तयार करावे लागतील, आणि २२ मुलांत ते मिळतात, आपण शोधत नाही एवढंच. जो पिच टाकणार त्याला त्याच दिवशी कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून बॉल पकडणारा) करायचं नाही, कारण कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतच असतो. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा बॉल) या वयात शिकवू नका, सरळ फास्ट बॉल आणि त्याच हाताच्या वेगानं हळू जाणारा चेंजअप, एवढ्यावर चौदा वर्षापर्यंत भरपूर विकेट, म्हणजे आउट, मिळतात.

आणि सगळे थ्रो मोजायचे, नुसते पिच नाही. यासाठी प्रत्येक शाळेत एक मुलगा असतोच ज्याला खेळायचंय पण अजून टीममध्ये जागा नाही किंवा पाय मुरगळलाय, आणि ज्याला आकडे आवडतात, त्याच्या हातात वही द्या. माझ्याकडे असा एक मुलगा होता, सातवीतला, तो पिचरला सांगायचा की दादा तुझे ३४ झाले, एकच राहिला, आणि मोठी मुलं त्याचं ऐकायची. मी सांगितलं असतं तर हुज्जत घातली असती.

हे मी इतकं तळमळीनं लिहितोय कारण मी स्वतः पंधराव्या वर्षी रोज फेकत होतो, आमच्या वेळच्या सरांना वाटायचं जास्त फेकलं की हात पक्का होतो, त्यांची भावना चांगलीच होती, पण आज मला उजवा हात डोक्याच्या वर नेऊन फळीवरचा डबा काढता येत नाही. तुमच्या पोरांचं तसं व्हायला नको.

बॅटिंगला बॉल कोण टाकणार मग? तुम्ही. पंधरा-वीस फुटांवर स्टुलावर बसून, समोर जाळी लावून, खालून हलका बॉल द्या, मुलांना वेळही चांगला मिळतो आणि कोणाचा हात जात नाही. जाळी नसेल तर बाजूनं गुडघ्यावर बसून टॉस द्या. टी (बॉल वर ठेवून मारायचा स्टँड) विकत घ्यायची गरज नाही, रस्त्यावरच्या लाल शंकूत प्लंबिंगचा पाइप आणि वर रबरी नळीचा तुकडा बसवला की झाली टी. जुने बॉल तिथं वापरा. भिजलेला बॉल मात्र थ्रोला अजिबात नाही, कातडं पाणी पितं आणि बॉल जड होतो, कोरडा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो आणि मुलाचा हात त्याच वजनाला तयार होत असतो.

नऊ ग्लोव्हची काळजी करू नका. २२ चे तीन गट करा, सात-सात-आठ, एका वेळी एकाच गटाला ग्लोव्ह लागतात, म्हणजे नऊ पुरतात. एक गट कॅच-थ्रो आणि ग्राउंडरला (जमिनीवरून येणारा बॉल अडवायला), एक बॅटिंगला, एक पाय आणि व्यायामाला, वीस-वीस मिनिटांनी फिरवा. थ्रो पळण्याच्या आधी असं वर म्हटलंय, पण तीन गट फिरताना कोणीतरी आधी व्यायामाला जाणारच, तर ज्या दिवशी ज्या गटात पिचर आहेत तो गट पहिल्यांदा थ्रोला ठेवा आणि जोराचे स्प्रिंट सगळ्यांचे एकदम शेवटी. तुम्ही स्वतः बॅटिंगच्या गटाजवळ उभे राहा. आपल्या मैदानावर फिरवलेली बॅट बाजूच्या मुलाला लागणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, एका वेळी एकाच्याच हातात बॅट आणि बाकीचे दहा पावलं लांब, हेल्मेट असेल तितक्यांनाच बॅटिंग.

क्रिकेटच्या सवयी जातील हळूहळू. आपली मुलं बॉल मारला की बॅट घेऊनच पळतात, पहिल्या आठवड्यापासून बॅट खाली टाकून, फेकून नाही, पळायची सवय लावा. थ्रो बाजूनं, कमरेच्या उंचीवरून करतात, त्यांना कोपर खांद्याच्या रेषेत आणायला सांगा. आणि बॉल ग्लोव्हमध्ये आला तरी दुसरा हात लगेच जवळ आणायचा, हे रोज सांगावं लागेल, वैतागू नका.

वॉर्मअपला बाहेरचं काही आणायची गरज नाही असं माझं पक्कं मत आहे. दोन मिनिटं हळू धावणं, मग सहा-आठ सूर्यनमस्कार, नीट, श्वासासकट, त्यात खांदा, कंबर, मांडीचा मागचा भाग सगळं उघडतं. मग हाताचे गोल, चालत लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), आणि मगच बॉल. उभं राहून ताणून धरायचे स्ट्रेच शेवटी करा, सुरुवातीला नाही. ताकदीसाठी बैठका, जोर, प्लँक, एका पायावर उभं राहून वाकणं, मुलांच्या स्वतःच्या वजनावर सगळं होतं, व्यायामानं उंची थांबते असं पालक म्हणतील तर त्यांना सांगा की बरोबर पद्धतीनं आणि नजरेखाली केलं तर काही होत नाही. आणि खेळ घ्या हो. खो-खोसारखा दिशा बदलायचा व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही, दोन बेसच्या मधे अडकलेल्या रनरला जे करावं लागतं ते सगळं खो-खोत आहे. लगोरी घ्या, रबरी बॉल, २५ फुटांवरून सात ठिकऱ्या, यापेक्षा चांगली नेमबाजी कुठं शिकवणार? फक्त तेही थ्रो वहीत लिहा. शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं लगोरी ठेवली तर मुलं आठवडाभर सुट्टी मारत नाहीत.

ग्राउंडचं बघा. सप्टेंबरमध्ये पाऊस असतोच आणि आपली काळी माती ओली असली की बूट रुततो, वाळली की भेगा पडतात, दोन्हीत घोटा जातो. पाऊस झाला त्या दिवशी बाहेर नेऊ नका, शाळेच्या व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये टेनिस बॉलनं भिंतीवर कॅच, पायांची हालचाल, बेसबॉलचे नियम. बेसच्या जागी आणि पिचर उभा राहतो तिथं थोडा मुरूम टाकून घेतला तर दोन वर्षं टिकतो. मग ऑक्टोबरचं ऊन लागतं, शरीराला त्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस जातात, तेवढे दिवस वेळ थोडा कमी ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागली म्हणेपर्यंत थांबू नका.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल शेवटचं. मुलं मामाच्या गावाला जाणार, जाऊ देत, पण दहा-बारा दिवस काहीच न करता आली आणि पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात फेकलं की मागच्या सात आठवड्यांचं पाणी. सोबत एक टेनिस बॉल द्या, एक दिवसाआड भिंतीवर २५ थ्रो आणि रोज सूर्यनमस्कार. परत आल्यावर जिथं सोडलं तिथून नाही, एक आठवडा मागून सुरू करा. मॅच तिसऱ्या आठवड्यात आहे म्हणजे तेवढी जागा आहे तुमच्याकडे.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, आम्ही इंदिरानगरला राहतो. शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे. रविवारी कॉलनीत टेनिस बॉल क्रिकेट खेळतो, फास्ट बॉलिंग करतो, आणि गणपतीच्या आधी ढोल पथकात प्रॅक्टिसला जातो. गेल्या आठवड्यापासून म्हणतो कोपर आतून दुखतंय. स्प्रे मारला की बरं वाटतं आणि परत खेळतो. त्याला मी थांबवलं तर तो रडतो. काय करू?

उत्तर : ताई, थांबवा. आजपासून. आणि स्प्रे बंद करा, स्प्रे दुखणं झाकतो फक्त. खांद्याच्या मागे किंवा दंडात थोडं दुखणं आणि एका दिवसात जाणं हे स्नायूचं असतं, त्याची भीती नाही. पण कोपर आतून दुखणं, सांध्यात दुखणं, रात्री दुखणं, हात पूर्ण सरळ न होणं, यातलं काहीही असलं तर मुलांची हाडं बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, ते बहुतेक दोन्ही कोपरांचा एक्सरे सांगतील, तुलना करायला, त्यात घाबरू नका. वेळेत थांबलं तर बहुतेक मुलं काही आठवड्यांच्या विश्रांतीनं नीट होतात आणि परत खेळतात.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र करून बघा. सर शाळेत मोजतात ते वेगळं, रविवारी कॉलनीत किती ओव्हर टाकल्या ते सरांना माहीत नाही, आणि नाशिक ढोलचं वजन कमरेला-खांद्याला आणि टिपरूचा मार मनगटातून कोपराला जातो ते क्रिकेटवाल्यांना माहीत नाही. हात मात्र एकच आहे. ढोल कायमचा सोडायला मी सांगणार नाही, आपल्या गावाची शान आहे ती आणि त्याला त्यात आनंद आहे, पण कोपर बरं झाल्यावरही त्या महिन्यात पिचिंग पूर्ण बंद ठेवा, आणि रविवारी क्रिकेट खेळायचं तर बॅटिंग आणि कीपिंग, बॉलिंग नाही. हे तिघांनी, म्हणजे तुम्ही, शाळेचे सर आणि पथकाचे दादा, एकदा फोनवर बोलून ठरवा. वर्षात काही महिने सलग हात डोक्यावरून फेकण्यापासून मोकळा राहिला पाहिजे, त्या वर दिलेल्या मर्यादांमध्येच वर्षाला निदान चार महिने सांगितलेत आणि त्यातले दोन-तीन सलग. त्या महिन्यांत पोहणं, फुटबॉल, काहीही करू दे.

तो रडतो कारण त्याला वाटतं जागा जाईल. सरांना सांगून त्याला डगआउटमध्ये (टीम बसते तिथं) वही द्यायला लावा, पिच मोजायला, टीमबरोबर बसू दे. घरी बसवू नका.

प्रश्न : मी नाशिकरोडची आहे, नववीत, सॉफ्टबॉल खेळते. आमच्या शाळेत मुलींचं प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदाच असतं. मी मुलांच्या बेसबॉल प्रॅक्टिसमध्ये गेले तर चालेल का? आणि आमचं पिचिंग अंडरआर्म असतं म्हणून हातावर ताण येत नाही असं सगळे म्हणतात, मग मी रोज टाकू शकते ना?

उत्तर : पहिल्याचं उत्तर हो, नक्की जा, फिल्डिंग, बेस रनिंग, स्प्रिंट सगळं एकच आहे, मुलींच्या सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवरच असतात. बॅटिंग करताना एवढं लक्षात ठेव की तुमचा बॉल मोठा आणि जड, १७८ ते १९८ ग्रॅमचा, आणि ४३ फुटांवरून येतो, तर मॅच जवळ आली की तुझ्याच बॉलनं तुझ्याच अंतरावरून सराव कर. दुसऱ्याचं उत्तर नाही. अंडरआर्म म्हणून ताण नाही हा जुना गैरसमज आहे, पूर्ण गोल फिरवून टाकताना खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडावर मोठा ओढा येतो, मुलींचे खांदे असेच जातात आणि कोणी मोजतच नाही कारण सगळे तेच म्हणत असतात. तू स्वतः वही ठेव. आठवड्यातून तीन दिवस पिचिंग, मधला दिवस मोकळा, सुरुवात ३० पासून, दर आठवड्याला पाच-दहा वाढव. बाकीच्या दिवशी भिंतीसमोर नुसतं मनगटातून बॉल सोडायचा सराव, हलक्या बॉलनं, आणि प्लँक, बैठका. तू स्वतःहून जास्त प्रॅक्टिस मागतेस हे वाचून खूप बरं वाटलं.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे आणि संध्याकाळी शाळेच्या ज्युनिअर बेसबॉल मुलांना शिकवतो. रविवारी सकाळी सगळ्यांना पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढ-उतर करायला लावतो, पाच वेळा. दोघांचे गुडघे दुखतायत, एकाची टाच. चालू ठेवू का?

उत्तर : चढणं ठेव, पळत उतरणं आजच बंद कर. उतरताना शरीराचं सगळं वजन गुडघ्याच्या खालच्या त्या उंचवट्यावर आणि टाचेवर येतं, आणि १० ते १४ या वयात उंची पटकन वाढत असताना नेमक्या याच दोन जागा दुखतात, कारण हाड लांब होतं आणि स्नायू मागे राहतो. ज्या तिघांना दुखतंय त्यांना दोन-तीन आठवडे उड्या आणि पायऱ्या नको, पोटरी आणि मांडी हळू ताणायला दे, चालू दे, कॅच खेळू दे. दुखणं राहिलं तर डॉक्टर. बाकीच्यांना दोन वेळा वर, चालत खाली, आणि उतरताना लेणी बघू दे सावकाश, दोन हजार वर्षांचं कोरीवकाम आहे ते, रोज बाजूनं पळत गेली आणि आत डोकावली नाहीत असं नको. सोमवारी पिचिंग असेल तर त्या पिचरांना रविवारी पायऱ्या नाहीत. आणि सकाळी उपाशी नेऊ नकोस, निघायच्या आधी एक केळं, उतरल्यावर शेंगदाणा चिक्की आणि पाणी, खर्च फार नाही, पालकांना सांगितलं तर आळीपाळीनं कोणीही आणेल.